काउंटरवरचे चार प्रबंध आणि 'ह्याचा उपयोग काय?'

बाइंडिंगवाला

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसता वाचत होतो, आज पहिला धागा काढतोय. शुद्धलेखनाच्या चुका काढू नका, दिवसभर दुसऱ्यांच्या काढून डोळे गेलेत.

अप्पा बळवंत चौकापासून दोन गल्ल्या आत माझं टायपिंग-झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. वडिलांच्या वेळी दोन टाइपरायटर होते, आता चार कॉम्प्युटर आणि सोनेरी अक्षरं ठोकायचं एक मशीन आहे. निम्मा धंदा प्रबंधांचा. एम.फिल. बंद झाल्यापासून थोडा घटला, पण पीएचडीवाले आहेत.

गेल्या आठवड्यात काउंटरवर एकाच वेळी चार प्रबंध पडले होते. एक गव्हाच्या तांबेऱ्यावर, एक बचत गटांच्या कर्जफेडीवर, एक दहावीच्या मुलांच्या परीक्षेच्या भीतीवर आणि एक ढोलकीच्या बोलांवर. एक काका पेन्शनच्या कागदाला लॅमिनेशन करायला आले होते. मशीन गरम होईपर्यंत वेळ जाईना म्हणून त्यांनी चारही नावं मोठ्यानं वाचली. मग म्हणाले, "ढोलकीवर पीएचडी? वाजवायची सोडून? अहो, ह्याचा उपयोग काय? आणि ह्याला सरकार पैसे देतं?"

मी दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाशी वाद घालत नाही. लॅमिनेशनचे वीस रुपये घेतले आणि गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यात राहिला.

मला एक खोड आहे. प्रबंध आला की मी शेवटून उघडतो. पुढची पानं सगळ्यांची सारखीच असतात. 'ऋणनिर्देश'मध्ये मार्गदर्शक, आईवडील, पत्नीची साथ आणि शेवटी टंकलेखन करणारे आम्ही (कधी कधी आमचं नाव आम्हालाच टाइप करावं लागतं). दुसऱ्या प्रकरणात आधीच्या लोकांनी काय म्हटलंय ते. खरा माणूस सापडतो परिशिष्टात. गव्हाच्या पोरानं प्लॉटच्या नोंदींची वही जशीच्या तशी लावली होती, त्यात एका तारखेला नुसतं 'रानडुक्कर, प्लॉट ३ बाद'. बचत गटवालीच्या प्रश्नावलीत समासात लिहिलेलं, 'प्र. ९ ला सगळ्या हसल्या, पुन्हा विचारला नाही'. ढोलकीवाल्यानं प्रत्येक वादकापुढं वय, गाव, कोणाकडे शिकला आणि 'डावा खांदा वर' असले शेरे मारलेत. चौघांचे विषय चार दिशांना, पण परिशिष्टं बघितली तर चारही जण एकच काम करत होते. उन्हात जाऊन मोजत होते.

तर प्रश्न असा. नाव ऐकून हसू यावं असं कुठलं संशोधन तुम्हाला माहीत आहे? आणि खरंच काही उपयोग नसलेलं असेल तर तेही सांगा. शिव्या घालायलाही हरकत नाही, फक्त नाव घेऊन नकोत. ते चौघेही माझे गिऱ्हाइक आहेत.

---

शनिवारवासी

पहिलाच धागा आणि असा! ते काका पुण्याचेच असणार. लॅमिनेशनला वीस रुपये देऊन वर शोधनिबंधाचं परीक्षण फुकट.

---

वेधशाळेचा_शेजारी

मी शिवाजीनगरला राहतो. बाहेरगावचा पाहुणा आला की हमखास विचारतो, पुण्यात 'शिमला ऑफिस' कुठून आलं? तर हवामान खात्याचं मुख्यालय शिमल्याला होतं, ते १९२८ मध्ये इथं आलं. ऑफिस आलं, नाव सोबत आलं.

ह्या खात्यात त्याआधी, १९०४ ते १९२४, गिल्बर्ट वॉकर नावाचा साहेब प्रमुख होता. मुळात गणिती. केंब्रिजमध्ये त्याचा लौकिक कशासाठी, तर बूमरँग फेकण्यासाठी. नुसतं फेकत नव्हता, ते वळून परत का येतं ह्याचं गणित त्यानं मांडलं होतं. लॅमिनेशनवाले काका त्या वेळी केंब्रिजला असते तर काय म्हणाले असते ते सांगायला नको.

१८७७ आणि १८९९ च्या दुष्काळांनंतर सरकारला एकच पाहिजे होतं, यंदा पाऊस पडेल की नाही ते आधी सांगा. वॉकरनं जगभरचे आकडे मागवले. हवेचा दाब, तापमान, नाइलचा पूर, जे मिळेल ते. आणि कारकुनांना बसवून एकेकाची दुसऱ्याशी सांगड घालायला लावली. कॉम्प्युटर नाही, हातानं. त्यातून त्याला एक झोका दिसला. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला कमी होतो आणि उलट. त्याला त्यानं 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. लोकांनी वेड्यात काढलं, कारण हे का होतं ते त्याला सांगता येत नव्हतं. आणि ज्यासाठी नेमला होता तो पावसाचा अंदाज तर त्याला नीट जमलाच नाही.

१९६९ मध्ये ब्यर्कनेस नावाच्या शास्त्रज्ञानं तो झोका समुद्राच्या तापमानाशी, म्हणजे एल निनोशी, जोडून दाखवला. आज मे महिन्यात टीव्हीवाले 'एल निनोचं सावट' म्हणून ओरडतात, त्याचा अर्धा भाग ह्या बूमरँगवाल्याचा.

---

कर_भरणारा

गोष्ट झकास. पण ही पद्धतच चुकीची आहे, हे नम्रपणे नोंदवतो. जो घोडा जिंकला त्याचीच गोष्ट तुम्ही सांगता. त्याच वीस वर्षांत ज्यांनी आकडे जुळवले आणि ज्यांचं काहीच निघालं नाही, त्यांचं काय? त्यांचे पगार कोणी दिले?

उदाहरण घ्या. डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश १९४८ पासून चालू आहे. पहिला भाग १९७६ ला आला. आत्तापर्यंत ३५ भाग झाले आणि गाडी अजून 'अ' वर आहे. 'अ'! माझा नातू बाराखडी संपवून तिसरीत गेला.

---

शनिवारवासी

'अ' अननसाचा संपला नाही अजून =))

---

अनुस्वार

@कर_भरणारा, तुम्ही नेमकं माझ्या मर्मावर बोट ठेवलंत, म्हणून लॉगिन केलं. कॉलेजात असताना त्या कोशाच्या खोलीत थोडे महिने बसले आहे, म्हणून दोन शब्द.

'अ' ला एवढा वेळ का, हा प्रश्न सगळे विचारतात. संस्कृतात नकार कुठून सुरू होतो? 'अ' आणि 'अन्' पासून. म्हणजे जगात जे जे आहे त्याचं 'नसणं' सगळं 'अ' मध्ये. शिवाय अति, अधि, अनु, अप, अपि, अभि, अव, हे उपसर्गही तिथेच. 'ऋ' किंवा 'ऐ' ला काय लागणार? त्यामुळे 'अ' वर आहेत म्हणजे पन्नासातल्या पहिल्याच पायरीवर आहेत, असं नाही.

दुसरं म्हणजे हा शब्दाचा अर्थ सांगणारा कोश नाही, शब्दाचं चरित्र सांगणारा आहे. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ घेतले. त्यातला शब्द कुठे, कोणत्या अर्थानं आला, ते प्रत्येक वेळी एका चिठ्ठीवर उतरवलं. अशा सुमारे एक कोटी चिठ्ठ्या लोखंडी कपाटांत उभ्या आहेत. एका शब्दाच्या चिठ्ठ्या काळानुसार टेबलावर मांडल्या की अर्थ सरकताना दिसतो. यज्ञातला शब्द हळूहळू वैद्यकात येतो, तिथून व्यवहारात उतरतो. मला नोकरीत पुढं पुष्कळ पैसा मिळाला, पण चिठ्ठ्या मांडल्यावर होणारी ती गंमत पुन्हा मिळाली नाही.

आता खर्च. एक कोटी चिठ्ठ्या एकदा झाल्या की झाल्या. संपादन आज करा, पन्नास वर्षांनी करा, कॉम्प्युटरवर चढवा. इथंच पुण्यात भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९१९ ला सुरू झाली आणि १९६६ ला पुरी झाली. १२५९ हस्तलिखितं पडताळली. मुख्य संपादक सुकथनकर १९४३ लाच गेले. आपल्या हयातीत संपणार नाही हे माहीत असून तिथं माणसं रोज दहाला येऊन बसत होती.

---

कर_भरणारा

ताई, तुमचा प्रतिसाद आवडला, उपसर्गांचा मुद्दा मला खरंच माहीत नव्हता. पण 'एकदा झालं की झालं' हे प्रत्येक खर्चाचं समर्थन होऊ शकतं. आमच्या वॉर्डातला फूटपाथ दर वर्षी 'एकदाच' होतो.

---

मोजूनमापून

मी अर्थशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त. उपयोगाचं बोलायचं तर एक प्रश्न घेऊ, पुण्यात प्रत्येकाच्या जिव्हाळ्याचा. पाऊस पडला की रिक्षा का मिळत नाही?

हसू नका, ह्यावर गंभीर भांडण झालेलं आहे. मात्र न्यूयॉर्कमध्ये आणि टॅक्सीवर. १९९७ मध्ये कॅमरर, बॅबकॉक, लोवेनस्टाइन आणि थेलर ह्या चौघांनी टॅक्सीवाल्यांचे फेऱ्यांचे कागद घेतले. अर्थशास्त्राचं पुस्तक सांगतं की ज्या दिवशी तासाला जास्त मिळतं त्या दिवशी माणूस जास्त वेळ काम करेल. कागद उलटं सांगत होते. चांगल्या दिवशी चालक लवकर घरी जात होते. त्यांनी अर्थ लावला की चालकाच्या डोक्यात दिवसाचा एक आकडा असतो, तो भरला की मीटर आडवा. पावसात गिऱ्हाईक भरपूर, आकडा चारलाच भरतो आणि सहाला तुम्ही भिजत उभे. ही गोष्ट इतकी पटण्यासारखी होती की मीही वर्गात वर्षानुवर्षं सांगितली.

मग फार्बर नावाचे अर्थतज्ज्ञ आले. त्यांचं आधीपासून म्हणणं होतं की कागद थोडे आहेत, हिशोब पुन्हा तपासा. दरम्यान तिथल्या टॅक्सींत इलेक्ट्रॉनिक मीटर बसले आणि प्रत्येक फेरीची नोंद आपोआप होऊ लागली. २००९ ते २०१३ ची नोंद घेऊन त्यांनी २०१५ मध्ये निबंध लिहिला. पावसात रस्त्यावर टॅक्सी कमी असतात हे खरं निघालं. पण आकडा भरला म्हणून घरी जातात, हे नाही. पावसात तासाची कमाईच फारशी वाढत नाही. गिऱ्हाईक जास्त, पण गाडी मुंगीच्या पावलानं चालते. म्हणजे लवकर आकडा भरायचा प्रश्नच येत नाही. शिवाय पावसात गाडी हाकणं कोणाला आवडतं?

माझ्या वर्गातली वीस वर्षांची गोष्ट एका निबंधानं पाण्यात गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण हेच तर संशोधन! आणि हो, पुण्याच्या रिक्षावाल्यांवर असं कोणी केलं तर मला कळवा, मी स्वतःच्या खर्चानं बाइंडिंग करून देईन. (धागाकर्त्यांनी सवलत द्यावी.)

---

शनिवारवासी

पुण्यात निष्कर्ष एकच निघेल. 'पाऊस असो वा नसो, तिकडे येणार नाही.'

---

सेक्रेटरी_नाइलाजाने

मोजूनमापून सर, ते पाळणाघराचंही सांगा ना. आमच्या सोसायटीत मी त्याचाच प्रयोग करून तोंडघशी पडलोय.

---

मोजूनमापून

सांगतो. इस्रायलमधलं हैफा शहर. दहा पाळणाघरं. आईबाप पोरांना न्यायला उशिरा येतात, सांभाळणारी बाई ताटकळते. ग्नीझी आणि रुस्तिकिनी ह्या दोघा अर्थतज्ज्ञांनी वीस आठवडे नोंद ठेवली. चार आठवडे नुसतं मोजलं. मग सहा पाळणाघरांत उशिराला दंड लावला, दहा शेकेल, फार नाही. झालं काय, उशिरा येणारे कमी व्हायच्या ऐवजी वाढले, जवळजवळ दुप्पट. आधी बाईंपुढं ओशाळं वाटायचं. दंड आल्यावर ते ओशाळेपण गेलं, ती एक सेवा झाली, पैसे टाका आणि या निवांत. खरी मेख शेवटी आहे. दंड काढून टाकला तरी आकडा खाली आला नाही. लाज एकदा विकली की परत विकत मिळत नाही. २००० साली छापून आलं हे.

---

सेक्रेटरी_नाइलाजाने

अगदी! पाहुण्यांच्या जागेत गाडी लावली तर शंभर रुपये, असा बोर्ड मी लावला. पूर्वी दोन गाड्या असायच्या आणि मालक जिन्यात भेटले की नजर चुकवायचे. आता पाच असतात, आणि एक जण तर महिन्याचे तीन हजार ऍडव्हान्स घेऊन आला. वर पावती मागतो. कमिटीत आता दोन तट पडलेत, कारण तीन हजारांतून गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघतं.

---

पुन्हा_मोजा

रंगाचा बेरंग करायला आलेय, माफ करा. मी मानसशास्त्रात आकडेमोडीचं काम करते. माणसाच्या वागण्यावरचे हे 'गंमतशीर' प्रयोग ऐकताना एक हात खिशावर ठेवा. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले छापून आलेले शंभर अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले. पहिल्यासारखा ठळक निष्कर्ष जेमतेम छत्तीस टक्क्यांत आला. पाळणाघराचा प्रयोगही चांगला आहे, पण दहा पाळणाघरं आणि एक गाव. सोसायटीवर लागू करण्याआधी विचार करा (सेक्रेटरी साहेब, उशीर झाला).

आणि काव्यगत न्याय म्हणावा असं एक. २०१२ मध्ये एक निबंध गाजला होता. फॉर्मच्या शेवटी सही घेण्याऐवजी सुरुवातीला घेतली तर लोक जास्त खरं लिहितात, असा. सरकारांनी, कंपन्यांनी फॉर्म बदलायचा विचार केला. पुढं मूळ लेखकांनाच तो परिणाम पुन्हा मिळेना. मग २०२१ मध्ये काही जणांनी त्यातली एक आकड्यांची फाइल उघडून पाहिली, तर ती बनावट निघाली. गाड्या किती मैल चालल्या ते आकडे कोणीतरी कॉम्प्युटरकडून पाडून घेतले होते. कशावरच्या निबंधात? प्रामाणिकपणावरच्या. निबंध मागे घेतला गेला.

---

कर_भरणारा

धन्यवाद. मी आता शांतपणे चहा पितो.

---

पुन्हा_मोजा

@कर_भरणारा, प्या, पण अर्धाच. ती फाइल कशी सापडली? लेखकांनी नंतर कच्चे आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवले होते म्हणून. बाइंडिंगवाले दादा म्हणतात ते परिशिष्ट हेच. ते लावलं नसतं तर आजही सह्या वर घेत बसलो असतो.

---

जवारी

काकांच्या ढोलकीकडे कोणीच वळलं नाही म्हणून मी. तंबोरा लावण्यात आयुष्य गेलं, विज्ञान दहावीपर्यंतच.

कुठलंही साधं ताणलेलं कातडं वाजवा, डफ घ्या, पडघम घ्या. आवाज येतो, पण 'सूर' नीट सापडत नाही. कारण गोल पडद्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट नसतात. ते १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे येतात, म्हणून गोंगाट होतो. आता तबल्याला मध्यभागी शाई असते. लोखंडाचा कीस, खळ वगैरे, थरावर थर देऊन घोटलेली. ह्या वजनामुळे ते वरचे स्वर सरकून जवळजवळ पूर्ण पटींत येतात. म्हणून तबला षड्जाला मिळवता येतो आणि गवय्या त्याच्याशेजारी सुखानं बसू शकतो.

हे कोणी दाखवलं? सी. व्ही. रामन यांनी, १९२० मध्ये, 'नेचर'मध्ये, शिवकाली कुमार यांच्याबरोबर. नोबेल १९३० चं आणि ते प्रकाशावर, त्याच्या दहा वर्षं आधी हा माणूस मृदंगावर वाळू टाकून कंप बघत होता. पुढच्याच वर्षी त्यांनी तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं. तार घोडीच्या पसरट पाठीला घासत सुटते आणि खाली दोरा सरकवून जवारी (म्हणजे तो गुंजणारा झणकार) 'उघडते', तेव्हा त्यात भौतिकशास्त्राच्या नेहमीच्या नियमाप्रमाणं जे स्वर यायला नकोत तेही ऐकू येतात.

आमच्या मिरजेच्या कारागिरांना हे गणित ठाऊक नव्हतं, कानाला ठाऊक होतं. रामन यांना ते ऐकावंसं वाटलं, हे मला मोठं वाटतं. तेव्हा ढोलकीवाल्या पोराला सांगा, रांगेत पुढं बरे लोक उभे आहेत.

---

बाइंडिंगवाला

सांगितलं त्याला. तो म्हणाला रामन यांचा निबंध दुसऱ्या प्रकरणात आहे, पान ३१. मीच टाइप केलेलं, आणि मला आठवलं नाही! बोटं वाचतात, डोकं वाचत नाही.

---

खोडदची_लेक

आमच्या नारायणगावकडचं राहूच नये. लहानपणी पाहुण्यांना सांगायचो, आमच्या गावात रेडिओ दुर्बिणीच्या (जीएमआरटीच्या) तीस बशा आहेत, एकेक ४५ मीटरची. चौदा मध्ये दाटीनं आणि सोळा लांब लांब, इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, सुमारे पंचवीस किलोमीटरच्या पसाऱ्यात. एवढी मोठी बशी भरीव पत्र्याची केली तर वारा उलथून टाकेल आणि खर्चही परवडणार नाही. म्हणून गोविंद स्वरूप आणि त्यांच्या लोकांनी दोरांच्या चौकटीवर बारीक तारेची जाळी ताणली. वारा आरपार जातो, रेडिओ लहरी मात्र अडतात. शेतातून बघितलं तर पलीकडचे ढग दिसतात त्यातून.

आजोबा विचारायचे, "आभाळातनं काय ऐकतात?" हायड्रोजन, असं एकदा तिथल्या साहेबांनी सांगितलं. आजोबांना वाटलं पाण्याचा शोध चाललाय, बोअर कुठं घ्यायची ते कळेल. बोअरचं काही कळलं नाही. २०२३ मध्ये मात्र तिथल्या आकड्यांतून जवळजवळ ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेली हायड्रोजनची खूण सापडल्याचं आलं पेपरात. टोमॅटोच्या भावाच्या बातमीशेजारी होतं, म्हणून लक्षात राहिलं.

एवढा बारीक आवाज ऐकायचा तर शेजारी गडबड चालत नाही. पुणे-नाशिक रेल्वेचा मार्गही ह्या दुर्बिणीमुळं बदलायचं ठरलं. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनी आतमध्ये बघायला सोडतात, शाळांच्या गाड्यांची रांग लागते. जमलं तर जा.

---

जात्यावरची

सगळे दुर्बिणी आणि न्यूयॉर्कला निघाले, मी मुळशीला थांबते. माझी मावशी लिहायला-वाचायला येत नसलेली. गिरणी आली, जातं अंगणात उलथं पडलं, आणि त्यासोबत ओव्याही. गी पॉइतवँ नावाचे मूळचे फ्रान्सचे गृहस्थ आणि हेमा राईरकर, ह्या दोघांनी आणि त्यांच्या सोबतच्या बायकांनी गावोगाव जाऊन ओव्या उतरवल्या, काही ध्वनिमुद्रित केल्या. एक लाखाच्या वर भरल्या. आता 'पारी' ह्या ग्रामीण भारतावरच्या संग्रहाच्या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव लिहून.

मला वाटायचं ओव्या म्हणजे पंढरपूर, माहेर आणि भाऊ. तिथं बघितलं तर सासूवर राग आहे, नवऱ्यावर आहे, मुलगी झाली म्हणून बोलणाऱ्यांवर आहे, आंबेडकरांवरच्या ओव्या आहेत. एकटी बाई पहाटे तीनला दळताना कोणाला सांगत होती? जात्याला. कोणी विचारलंच नव्हतं.

उपयोग काय ते मला सांगता येणार नाही. मावशीचं नाव त्यात नाही. ती गेली तेव्हा मी अकरावीत होते आणि मला त्या ओव्यांची लाज वाटायची.

---

शनिवारवासी

...

(ह्यावर विनोद करणार नाही.)

---

कर_भरणारा

जात्यावरची ताई, वाचून गप्प झालो.

पण माझा मूळ मुद्दा सोडत नाही. मी ३४ वर्षं लेखापरीक्षणात काढली. मला रामन आणि वॉकर नकोत, ते ठीकच आहेत. मला मधला गठ्ठा सांगा. पगारवाढीसाठी, बढतीसाठी केलेले प्रबंध. दादा, तुमच्याकडे ते येत नाहीत? खरं बोला.

---

बाइंडिंगवाला

येतात. खरं बोलायचं तर पुष्कळ येतात.

एक गंमत सांगतो, नाव-गाव-कॉलेज काही सांगणार नाही. एका गृहस्थांचा प्रबंध आला, पुणे जिल्ह्यातल्या ग्राहकांवर. टाइप करून आणलेला, मला फक्त पानं लावून बाइंडिंग करायचं होतं. सवयीनं मागून उघडला. प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न, 'आपण नागपुरात किती वर्षे राहता?' मी म्हटलं, "सर, हे नागपूर..." ते म्हणाले, "अरे हो, राहिलं वाटतं, तेवढं पुणे करून दे." मी तेवढं पुणे करून दिलं. पंधरा रुपये घेतले. अजून टोचतं.

आता दहा टक्क्यांच्या वर उचलेगिरी चालत नाही, सॉफ्टवेअर पकडतं. तर लोक माझ्याकडे येऊन म्हणतात, "शब्द फिरवून द्या." मी देत नाही. शेजारचा देतो. त्यामुळे साहेब, मधला गठ्ठा आहेच. तुमचं खरं आहे. पण तो चांगल्या गठ्ठ्यापासून ओळखता येतो, एवढंच मी म्हणतोय. शेवटची दहा पानं उघडा. खोट्या कामात रानडुक्कर येत नाही.

---

मोजूनमापून

@कर_भरणारा, तुमच्या लेखापरीक्षणाच्या मनाला रुचेल असं एक, आणि तेही भांडारकर रस्त्यापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं. गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये 'भारतातील दारिद्र्य' मांडलं. त्यांनी सवाल साधा केला. माणसाला दिवसाला २२५० कॅलरी मिळायला महिन्याला किती खर्च करावा लागतो? सरकारच्या नमुना पाहणीचे तक्ते घेऊन बसले आणि उत्तर काढलं. १९६०-६१ च्या भावानं खेड्यात महिन्याला १५ रुपये, शहरात साडेबावीस. त्या रेषेखाली खेड्यातले सुमारे चाळीस टक्के लोक आणि शहरातले सुमारे पन्नास टक्के.

त्यावर पुढं किती भांडणं झाली! कॅलरीच का, औषध-शिक्षण कुठंय, आकडा कमी आहे, जास्त आहे. मीही भांडलोय. पण भांडायला तक्ता समोर होता. त्याआधी 'देशात फार गरिबी आहे' एवढंच म्हणत होतो आपण.

---

कर_भरणारा

तक्ता समोर असला की मला बोलता येतं. हे मान्य.

---

बाइंडिंगवाला

मंडळी, धागा वर काढतोय कारण आज एक झालं.

लॅमिनेशनवाले काका परत आले. ह्या वेळी काकूंचं आधार कार्ड. लाइट गेलेली होती, मशीन बंद, बसावं लागलं. बचत गटाचा प्रबंध समोरच होता. मी सहज म्हटलं, "काका, मागून वाचा." त्यांनी चष्मा बदलला आणि परिशिष्ट उघडलं. लाइट येऊन दहा मिनिटं झाली तरी मान वर नाही. मग एकदम म्हणाले, "पेन्सिल आहे का?"

तक्ता क्रमांक सात. कर्ज कशासाठी घेतलं त्याची टक्केवारी. शेती, लग्न, दवाखाना, घर, धंदा, इतर. बेरीज १०४ होत होती. मार्गदर्शकांनी वाचलं, मी टाइप केलं, मुलीनं चारदा तपासलं, आणि सापडलं काकांना. मुलीला फोन लावला. ती घाबरून रिक्षानं आली (मिळाली, पाऊस नव्हता). दवाखान्याचे २३ होते ते माझ्या हातून २७ पडले होते. चूक माझी.

काकांनी मग बाकीचे अकरा तक्तेही तपासून दिले. जाताना तिला म्हणाले, "दवाखान्यासाठी एवढं कर्ज घेतात का गं बायका?" ती म्हणाली, हो. ते काही बोलले नाहीत. आधार कार्ड विसरून गेलेत, माझ्याकडेच आहे.

---

शनिवारवासी

पान बदलायचे किती घेतलेत?

---

बाइंडिंगवाला

चूक माझी होती हो, काय घेणार? चारही प्रतींची शिलाई उसवावी लागली. सोनेरी अक्षरं तेवढी ठोकायची राहिली होती, म्हणून रेक्झिन वाचलं.